‘द ड्रिफ्टर्स’ म्हणजे नेमकं कोण? एका ग्रुपचं नाव आणि त्यामागचे बदलते आवाज

१९५८ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमधल्या हार्लेमच्या अपोलो थिएटरमध्ये ‘द ड्रिफ्टर्स’ या ग्रुपचे कार्यक्रम चालू होते. काहीतरी भांडण झालं आणि मॅनेजर जॉर्ज ट्रेडवेलने सगळ्या गायकांना एकदम काढून टाकलं. पण अपोलोशी पुढच्या कार्यक्रमांचे करार झालेले होते, ते मोडून चालणार नव्हतं. म्हणून त्याने ‘फाइव्ह क्राउन्स’ नावाचा दुसराच, फारसा कोणाला माहीत नसलेला ग्रुप उचलला आणि त्यांना सांगितलं, आजपासून ड्रिफ्टर्स तुम्ही.

जुन्यांपैकी एकही माणूस नव्या ग्रुपमध्ये नव्हता. आवाज वेगळे, चेहरे वेगळे, तरी पाटी तीच. आणि याच नव्या मंडळींनी पुढच्या दोन वर्षांत अशी गाणी दिली की आज ड्रिफ्टर्स म्हटलं की बहुतेकांना तीच आठवतात.

आजही या नावाने कार्यक्रम होतात, जाहिराती लागतात. जुनी गाणी ऐकणारा नवा श्रोता मात्र गोंधळतो. एकाच नावाखाली चार गाणी लावली, तर चार निरनिराळे गायक ऐकू येतात. यातले खरे ड्रिफ्टर्स कोणते? या साध्या प्रश्नावर अमेरिकेतली न्यायालयं कित्येक वर्षं खल करत होती. उत्तर समजून घ्यायचं तर सुरुवात गाण्यापासूनच करायला हवी.

डू-वॉप म्हणजे काय?

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया, शिकागो अशा शहरांत चार-पाच तरुण एकत्र येऊन गायचे. बहुतेक कृष्णवर्णीय, पुढे इटालियन आणि पोर्तो रिकन घरांतली मुलंही. वाद्यं विकत घ्यायला पैसे नसायचे, म्हणून वाद्यांचं काम गळ्यानेच करायचं. रस्त्याचा कोपरा, शाळेचा कॉरिडॉर, इमारतीचा जिना, जिथे आवाज छान घुमेल तिथे तालीम. एक जण मुख्य ओळ गायचा आणि बाकीचे मागून ‘डू-वॉप’, ‘शा-ना-ना’ अशी निरर्थक पण तालबद्ध अक्षरं भरायचे. हा प्रकार पुढे डू-वॉप या नावाने ओळखला जाऊ लागला.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी, कारण पुढचा सगळा गुंता तिच्यातूनच निघतो. अशा ग्रुपमध्ये प्रत्येकाची जागा ठरलेली असते. मुख्य गायक, वरच्या पट्टीतले एक-दोन टेनर, मधला बॅरिटोन आणि तळाचा खर्जातला बास. बास गायक सोडून गेला तर दुसरा बास गायक आणून जागा भरता येते. गाण्याचा सांगाडा तसाच राहतो. म्हणजे हे ग्रुप घडणीतच असे होते की माणूस बदलला तरी काम थांबू नये. अडचण यायची ती मुख्य गायकाच्या बाबतीत. त्याचा गळा म्हणजेच लोकांच्या कानातलं गाणं, आणि तो सहजासहजी बदलून मिळत नाही.

पहिले ड्रिफ्टर्स, आणि एक सही

१९५३ मध्ये क्लाइड मॅकफॅटर हा विशीतला गायक ‘बिली वॉर्ड अँड हिज डॉमिनोज’ या ग्रुपमध्ये होता. आवाज असा उंच आणि आर्त की चर्चमधलं भजन आणि प्रेमगीत यांतली सीमाच पुसली जावी. पण ग्रुप वॉर्डच्या मालकीचा. गाणी गाजत होती मॅकफॅटरच्या गळ्यामुळे आणि नाव व्हायचं वॉर्डचं. कधीकधी तर त्याची ओळख ‘क्लाइड वॉर्ड’ अशी, जणू वॉर्डचा भाऊच म्हणून, करून दिली जायची.

त्या वर्षी मॅकफॅटर डॉमिनोजमधून बाहेर पडल्याचं अटलांटिक रेकॉर्ड्सच्या अहमत एर्तेगुनला कळलं. त्याने लगेच मॅकफॅटरला गाठलं आणि स्वतःचा ग्रुप काढायला सांगितलं. मॅकफॅटरने आधी हार्लेमच्या माउंट लेबनन चर्चमधल्या ओळखीच्या गायकांना घेतलं. कंपनीला ते रेकॉर्डिंग पसंत पडलं नाही. मग दुसरी जुळवाजुळव झाली. गेरहार्ट आणि अँड्र्यू हे थ्रॅशर बंधू आले, आणि पुढे खर्ज सांभाळणारा बिल पिंकनी आला. म्हणजे पहिलं गाणं बाजारात येण्याआधीच ग्रुप एकदा बदलून झाला होता!

‘मनी हनी’ हे त्यांचं पहिलं गाजलेलं गाणं. तेव्हा कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या आवडीच्या गाण्यांची वेगळी क्रमवारी निघायची, तिथे ते ११ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. १९५४ मध्ये त्यांनी ‘व्हाइट ख्रिसमस’ गायलं. ‘होम अलोन’ पाहिलेल्या प्रत्येकाने ते ऐकलेलं आहे. सुरुवातीला पिंकनीचा भरदार खर्ज आणि मग अचानक वर झेपावणारा मॅकफॅटरचा आवाज. ग्रुपगायन म्हणजे काय हे कोणाला एका गाण्यात दाखवायचं असेल, तर मी हेच लावेन.

डॉमिनोजमध्ये पोळलेल्या मॅकफॅटरने या वेळी नव्या ग्रुपमध्ये स्वतःचा हिस्सा ठेवला होता. पण १९५४ मध्ये सक्तीच्या लष्करी सेवेचं बोलावणं आलं, आणि १९५५ मध्ये त्याने एकट्याने गायचं ठरवलं. जाताना त्याने आपला हिस्सा मॅनेजर ट्रेडवेलला विकला. ट्रेडवेल पूर्वी ट्रम्पेटवादक होता आणि प्रसिद्ध जॅझ गायिका सारा वॉनचा पती आणि मॅनेजरही होता. या एका व्यवहाराने ग्रुपचं नाव गाणाऱ्यांच्या हातातून गेलं, ते कायमचंच. आपण सोबत्यांना कशात अडकवलं याची खंत मॅकफॅटरला पुढे वाटली, असं या ग्रुपचा इतिहास लिहिणाऱ्यांनी नोंदवलं आहे. १९७२ मध्ये, वयाच्या ३९ व्या वर्षी तो गेला.

पगारी ड्रिफ्टर्स

त्यानंतर ड्रिफ्टर्समध्ये गाणारा प्रत्येक जण ट्रेडवेलचा नोकर झाला. आठवड्याचा ठरावीक पगार मिळायचा. गाणं पहिल्या क्रमांकावर जावो की शंभराव्या, पगार तोच.

आपल्याकडच्या वरातीच्या बँडशी याची तुलना करता येईल. गाडीवर मालकाचं नाव, अंगावर त्याने दिलेला युनिफॉर्म, आणि वाजवणारे दर सीझनला बदलणारे. क्लॅरिनेट कोण वाजवतंय हे वराकडच्यांनी कधी विचारलेलं नसतं. ट्रेडवेलचा हिशोब हाच होता. फक्त एक फरक त्याच्या हिशोबात बसत नव्हता. बँड नाचण्यासाठी बोलावला जातो. ड्रिफ्टर्सचं तिकीट मात्र लोक एका विशिष्ट आवाजासाठी काढत होते.

या ग्रुपमध्ये माणसं इतकी का बदलली, याचं कारण या पगारात आहे. गायक लहरी होते, एकमेकांशी पटत नव्हतं, असं सहज म्हटलं जातं. थोडंफार तेही असेल. पण १९५६ मध्ये पिंकनीने पैसे वाढवून मागितले आणि त्याला काढलं गेलं. पाठोपाठ अँड्र्यू थ्रॅशरही बाहेर पडला. मॅकफॅटरच्या जागी आलेला जॉनी मूर लष्करी सेवेसाठी गेला. जे उरले, ते १९५८ मध्ये अपोलोच्या प्रकरणात एकदमच गेले.

नवी मंडळी, नवा आवाज

फाइव्ह क्राउन्समधून आलेल्यांत बेन नेल्सन, चार्ली थॉमस, डॉक ग्रीन आणि एल्सबेरी हॉब्स होते. बेन नेल्सनने पुढे बेन ई. किंग हे नाव घेतलं. सुरुवातीचे दौरे त्यांना फार जड गेले. प्रेक्षक जुन्या ड्रिफ्टर्सना ऐकायला यायचे आणि मंचावर ही अनोळखी पोरं दिसायची. प्रेक्षकांचा राग समजण्यासारखा होता, पण तो या पोरांच्या वाट्याला आला. जाहिरात ज्याने केली तो मंचावर नव्हताच.

मार्च १९५९ मध्ये ‘देअर गोज माय बेबी’चं रेकॉर्डिंग झालं. किंगच्या मूळ कल्पनेवरचं हे गाणं थॉमसने गायचं होतं. पण स्टुडिओत मायक्रोफोनसमोर त्याला ते जमेना, आणि किंग पुढे झाला. निर्माते जेरी लीबर आणि माइक स्टोलर यांनी मागे व्हायोलिन-चेलोचा ताफा घातला, ब्राझीलच्या ‘बैआंव’ नृत्याचा ठेका धरला आणि स्टुडिओत असलेली टिंपनी, म्हणजे पाश्चात्त्य वाद्यवृंदातला मोठा नगारा, वाजवायला लावली. टिंपनीचा सूर गाण्यासोबत बदलावा लागतो. इथे तो बदललाच नाही. चाल पुढे जाते आणि नगारा एकाच सुरावर घुमत राहतो. अटलांटिकच्या जेरी वेक्सलरला ते अजिबात आवडलं नाही. रेडिओची सुई दोन स्टेशनांच्या मध्ये अडकल्यासारखं वाटतं, असं त्याचं मत होतं. ती टिंपनी खरंच खटकते. पण किंगचा आवाज त्या सगळ्या गोंधळावर असा तरंगतो की ते खटकणंही गाण्याचाच भाग होऊन जातं. गाणं अमेरिकेच्या मुख्य क्रमवारीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचलं.

मग ‘सेव्ह द लास्ट डान्स फॉर मी’. गीतकार डॉक पोमसला लहानपणी पोलिओ झाला होता. स्वतःच्या लग्नात पत्नी इतरांबरोबर नाचताना त्याने बसून पाहिली होती, त्या आठवणीतून हे गाणं आलं. मे १९६० मध्ये रेकॉर्डिंग झालं आणि ऑक्टोबरमध्ये ते देशात पहिल्या क्रमांकावर होतं. तोपर्यंत ते गाणारा किंग ग्रुपमध्ये नव्हता! त्याने पगारवाढ आणि रेकॉर्डच्या उत्पन्नात वाटा मागितला होता, ट्रेडवेलने नकार दिला होता. टीव्हीवर हे गाणं सादर व्हायचं तेव्हा थॉमस किंगच्या रेकॉर्डवर नुसते ओठ हलवायचा.

किंग एकटा गाऊ लागला. १९६१ मध्ये त्याचं ‘स्टँड बाय मी’ आलं. ते गाणं आपण आधी ड्रिफ्टर्ससाठीच नेलं होतं, तिथे ते घेतलं गेलं नाही, असं तो सांगत असे.

त्याच्या जागी चर्चमधल्या गाण्यातून आलेला रूडी लुईस घेतला गेला. ‘अप ऑन द रूफ’, ‘ऑन ब्रॉडवे’ ही त्याची गाणी. मे १९६४ मध्ये ‘अंडर द बोर्डवॉक’च्या रेकॉर्डिंगची तारीख ठरली होती, आणि आदल्या दिवशी लुईस मृतावस्थेत सापडला. रेकॉर्डिंग पुढे ढकललं गेलं नाही. लष्करातून परतून पुन्हा ग्रुपमध्ये आलेल्या जॉनी मूरने लुईसच्या वाटणीचं गाणं दुसऱ्या दिवशी गायलं. हे माहीत झाल्यावर ते उन्हाळी, समुद्रकिनाऱ्याचं गाणं ऐका. मूरच्या आवाजात एक जडपणा जाणवतो. तो खरोखर तिथे आहे की आपण ऐकणारे तो घालतो, हे सांगता येणार नाही, पण मला तरी तो दर वेळी ऐकू येतो.

माणसं बदलूनही गाणी चांगलीच झाली ना?

हो, झाली. ट्रेडवेलची बाजू घेणारे हेच सांगतात आणि त्यात तथ्य आहे. एका गायकावर अवलंबून असलेले कितीतरी डू-वॉप ग्रुप एक-दोन गाण्यांनंतर नाहीसे झाले. ड्रिफ्टर्स टिकले, कारण पाटी सांभाळणारा कोणीतरी होता. कंपनी, निर्माते आणि उत्तम गीतकार त्या नावाशी जोडलेले राहिले. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने १९८८ मध्ये ड्रिफ्टर्सना मान दिला तेव्हा वेगवेगळ्या काळांतले सात गायक निवडले. इतकी चांगली माणसं एकाच नावाखाली गायली, हे दुर्मीळच.

पण ग्रुप टिकला याचा अर्थ गाणाऱ्यांचं भलं झालं असा होत नाही. मूर, किंग, लुईस यांपैकी कोणीही त्या नावाचा भागीदार नव्हता.

करारावर सही केली होती, मग तक्रार कसली?

हा आक्षेप रास्त आहे, म्हणून थोडं खोलात जाऊ. गाजलेल्या गाण्यामागे तीन वेगळे हक्क असतात. गाण्याचे शब्द आणि चाल हा पहिला, तो गीतकार-संगीतकार आणि त्यांच्या प्रकाशकाचा. झालेलं रेकॉर्डिंग हा दुसरा, तो बहुधा कंपनीचा. आणि ग्रुपचं नाव हा तिसरा, त्याला ट्रेडमार्क म्हणतात. बाजारात एखादी गोष्ट कोणाकडून आली हे ग्राहकाला ओळखता यावं यासाठीची खूण, एवढाच त्याचा अर्थ.

आता अमेरिकेतला एक नियम बघा. तिथल्या साध्या रेडिओवर गाणं वाजलं की गीतकार-संगीतकाराला मानधन मिळतं, गायकाला मिळत नाही. त्यामुळे नुसत्या गायकासाठी पोट भरण्याचा खात्रीचा मार्ग एकच, मंचावरचे कार्यक्रम. आणि कार्यक्रमाची तिकिटं विकली जातात ग्रुपच्या नावावर. ज्याच्याकडे नाव नाही, त्याला स्वतःचीच गाणी ‘पूर्वी ड्रिफ्टर्समध्ये असलेला’ म्हणून गावी लागतात, आणि तेवढ्यावरही नोटीस येऊ शकते. विशीतल्या, वकील परवडत नसलेल्या पोराने सही करताना एवढा विचार केला नसेल, तर त्यात नवल नाही. सही खरी होती. पण आपण काय देऊन टाकतोय हे फक्त समोरच्यालाच कळत होतं.

न्यायालयं कशी ठरवतात?

नाव कोणाचं, हे ठरवताना न्यायाधीश साधारण दोन गोष्टी पाहतात. लोक ते नाव कशाशी जोडतात, आणि कामाचा दर्जा नेहमी कोणाच्या हातात राहिला. ‘न्यू एडिशन’ या बॉस्टनच्या पाच मुलांच्या ग्रुपबाबत १९८६ मध्ये कोर्टाने नाव मुलांचं ठरवलं, कारण लोक त्या पाच जणांनाच ओळखत होते. उलट ‘व्हिटो अँड द सॅल्युटेशन्स’ या डू-वॉप ग्रुपचं नाव १९८५ मध्ये मॅनेजरला मिळालं, कारण गायक येत-जात राहिले आणि कायम होता तो मॅनेजरच. ‘द प्लॅटर्स’बाबत १९९९ मध्ये हर्ब रीडचा हक्क मान्य झाला. पहिल्या दिवसापासून ग्रुपमध्ये राहिलेला तो एकटाच होता.

यात एक दुष्टचक्र आहे. मालक माणसं जितकी वारंवार बदलेल, तितका तोच एक कायमचा ठरतो आणि त्याचा दावा बळकट होतो.

ड्रिफ्टर्सचा खटला याहून विचित्र होता. १९६७ मध्ये जॉर्ज ट्रेडवेल वारला आणि पत्नी फे ट्रेडवेलने कारभार हाती घेतला. सत्तरच्या दशकात तिने जॉनी मूरसह ग्रुप इंग्लंडला नेला, आणि तिथे तो पुन्हा जोरात चालला. इकडे अमेरिकेत लॅरी मार्शॅक या कार्यक्रम-आयोजकाने थॉमस, ग्रीन आणि हॉब्स यांना एकत्र आणून ड्रिफ्टर्स उभे केले आणि १९७८ मध्ये नावाची नोंदणीही मिळवली. तिसरीकडे पिंकनी ‘ओरिजिनल ड्रिफ्टर्स’ घेऊन गात होताच, २००७ मध्ये मरेपर्यंत.

पुढे फे ट्रेडवेल आणि मार्शॅक कोर्टात समोरासमोर आले. तुम्ही इंग्लंडला गेलात म्हणजे अमेरिकेतलं नाव सोडून दिलंत, असं मार्शॅकचं म्हणणं होतं. २००१ मध्ये अपील कोर्टाने ते फेटाळलं आणि त्याने नोंदणी फसवणुकीने मिळवल्याचा निष्कर्ष कायम ठेवला. नाव सोडलं नव्हतं कशावरून? तर जुनी रेकॉर्डिंग अमेरिकेत विकली जात होती, वाजत होती, त्यांचं उत्पन्न येत होतं. म्हणजे किंग, लुईस आणि मूर यांचे आवाज लोकांच्या कानांवर पडत राहिले, म्हणून नाव ट्रेडवेलकडे राहिलं. ज्यांच्या आवाजामुळे दावा जिंकला गेला, त्यांचा त्या नावावर काडीचाही हक्क नव्हता. निकाल कायद्याला धरून आहे, आणि तरी तो वाचताना मला फार वाईट वाटतं.

खोट्या ग्रुपना रोखायला कायदा नाही का?

आहे. ‘सुप्रीम्स’ या ग्रुपची मेरी विल्सन आणि ‘शा ना ना’ याच नावाच्या ग्रुपचा जॉन बाउमन यांनी त्यासाठी राज्याराज्यांत पाठपुरावा केला. २००५ मध्ये पेनसिल्व्हेनियाने कायदा केला आणि पुढे तीसहून अधिक राज्यांनी तसेच कायदे केले. नियम असा की मूळ रेकॉर्डिंगवर गायलेला आणि नावावर हक्क असलेला निदान एक जण मंचावर हवा, नाहीतर जाहिरातीत ‘मानवंदना’ असल्याचं स्पष्ट लिहायला हवं. त्यामुळे कोणाशीही संबंध नसलेल्या टोळ्या बऱ्याच कमी झाल्या.

पण नोंदणीकृत ट्रेडमार्क असलेल्याला त्यातून सूट आहे. मालक अधिकृत असेल तर मंचावर एकही जुना गायक नसला तरी चालतं. कायदा ग्राहकाची फसवणूक थांबवतो, पगारी गायकाला नाव परत देत नाही.

मग आता उरलं काय?

किंग २०१५ मध्ये गेला, थॉमस २०२३ मध्ये. साठच्या आसपासच्या त्या सुवर्णकाळातले मुख्य आवाज आता रेकॉर्डिंगमध्येच आहेत, आणि प्रश्न नावाचा कमी आणि त्या रेकॉर्डिंगच्या पैशाचा जास्त झाला आहे. तिथे थोडी सुधारणा झाली आहे. इंटरनेटवरच्या रेडिओसारख्या सेवांनी भरलेल्या रकमेतून ४५ टक्के थेट मुख्य कलाकारांना आणि ५ टक्के साथीदारांना मिळतात, उरलेले निम्मे रेकॉर्डिंगच्या मालकाला. १९७२ आधीची रेकॉर्डिंग मात्र या फेडरल, म्हणजे केंद्रीय कायद्याच्या, व्यवस्थेबाहेर होती, म्हणजे ड्रिफ्टर्सची वर आलेली सगळी गाणी बाहेरच. २०१८ च्या म्युझिक मॉडर्नायझेशन अ‍ॅक्टने ती आत घेतली. हे पैसे पाटी कोणाची यावर ठरत नाहीत, त्या विशिष्ट रेकॉर्डिंगवर कोण गायलं यावर ठरतात, आणि गायक हयात नसेल तर त्याच्या वारसांना नोंदणी करून ते घेता येतात.